पाकिटातले पाचशे रुपये



गेल्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी सकाळच्या मिस्साबलिदानानंतर गरीब साहाय्य निधीची पाकिटे वाटून झाली, तेव्हा एक आजी मागे थांबल्या. त्यांनी पाकीट उघडून पाहिले, नोट पुन्हा आत सरकवली आणि मला म्हणाल्या, "फादर, रागावू नका. पण आधी ह्या पैशांत गॅस यायचा आणि वर मीठ-मिरचीला उरायचे. आता नुसता गॅसपण येत नाही." आवाजात तक्रार नव्हती. पाऊस लांबला असे सांगावे तसे त्यांनी ते सांगितले. मी "बघतो" म्हणालो. आम्ही धर्मगुरू हा शब्द फार वापरतो.

दुपारी कार्यालयातले जुने रजिस्टर काढले. दर कुटुंबाला महिना पाचशे रुपये हा ठराव २०११ सालचा आहे. त्यानंतर कुटुंबांची नावे बदलली, काही आजी-आजोबा देवाघरी गेले, नवे आले, धर्मगुरूही बदलले. आकडा तोच राहिला. रजिस्टरशेजारीच आपल्या हॉलच्या भाड्याची वही होती. सहज म्हणून तीही उघडली. त्याच काळात हॉलचे भाडे चार वेळा वाढले आहे. प्रत्येक वेळी अर्थसमितीची रीतसर बैठक झाली, वीज महागली, रंगकाम महागले, सफाईवाल्यांची मजुरी वाढली अशी कारणे नोंदवली गेली. ती सगळी कारणे खरी होती. पण आजींच्या पाकिटासाठी अशी एकही बैठक झाल्याची नोंद मला सापडली नाही.

या चौदा-पंधरा वर्षांत कोणीही बसून "विधवांची मदत निम्म्यावर आणू या" असे ठरवलेले नाही. असा ठराव कोणी मांडला असता तर आपल्यातल्या कोणीही हात वर केला नसता, सभेत आरडाओरड झाली असती. तरीही मदत निम्म्याहून खाली आली आहे. २०११ पासून आजवर सर्वसाधारण किमती दुपटीहून अधिक झाल्या आहेत. म्हणजे आजच्या पाचशेत तेव्हाचे सव्वादोनशे-अडीचशे रुपयांचे सामान येते. ज्या कपातीला आपण कधीच संमती दिली नसती ती आपल्याच हातून झाली, आणि ती व्हावी म्हणून कोणालाही काहीच करावे लागले नाही. मला अस्वस्थ करणारा प्रश्न हा आहे. काहीच न करता केलेल्या गोष्टीची जबाबदारी कोणाची?

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हांला अ‍ॅरिस्टॉटल शिकवला होता. त्याच्या नीतिशास्त्राच्या पाचव्या खंडात न्यायाची चर्चा करताना तो पैशाकडे वळतो आणि एक साधी गोष्ट नोंदवतो: इतर वस्तूंप्रमाणे पैशाचेही मोल नेहमी सारखे राहत नाही, फक्त ते इतरांपेक्षा जरा अधिक स्थिर असते. तेव्हा परीक्षेपुरते ते वाक्य पाठ केले होते. आज वाटते, आपण सगळे नेमके उलटे मानून चालतो. पाचशे म्हणजे पाचशेच, असे आपल्याला वाटते, कारण नोटेवर तसे छापलेले असते.

चौदाव्या शतकात फ्रान्समध्ये निकोल ओरेम नावाचे एक विद्वान धर्मगुरू होऊन गेले, पुढे ते लिझिय येथे बिशप झाले. त्या काळी राजे लोक खजिना आटला की नाण्यातली चांदी कमी करत, पण नाण्याचे नाव आणि त्यावरचा मुखवटा तोच ठेवत. ओरेम यांनी नाण्यांविषयी एक छोटा ग्रंथ लिहून स्पष्ट सांगितले की नाणे राजाच्या मालकीचे नसते, ते साऱ्या समाजाचे असते. आणि नाव तेच ठेवून आतले वजन काढून घेणे हे सावकारीच्या व्याजापेक्षाही वाईट आहे. सावकाराकडून कर्ज घेणारा निदान आपल्या इच्छेने घेतो, इथे ज्याचे नुकसान होते त्याला कोणी विचारत नाही. आजच्या महागाईला एखादा राजा जबाबदार नसतो हे मला कळते. पाऊस, तेलाचे भाव, युद्धे, सरकारी धोरणे, व्यापारी अशा अनेकांचे हात त्यात असतात. पण ज्याच्या हातात नाणे पडते त्याच्या दृष्टीने काय फरक पडतो? नाव तेच राहिले आणि वजन गेले.

हा प्रश्न फक्त आपल्या रजिस्टरपुरता नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला आणि निराधार वृद्धांना महिना ७५ रुपये देऊ केले. २००६ मध्ये ही रक्कम २०० रुपये झाली. २००७ मध्ये योजनेला इंदिरा गांधींचे नाव मिळाले, २०११ मध्ये वयाची अट ६५ वरून ६० वर आली, ऐंशी ओलांडलेल्यांना ५०० रुपये ठरले. पण साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब वृद्धासाठी केंद्राचा वाटा २०२५ सालीही २०० रुपयेच होता. कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून ढोबळ हिशेब केला तर २००६ पासून किमती तिपटीहून अधिक झाल्या आहेत आणि १९९५ पासून सुमारे सहापट. याचा अर्थ १९९५ साली ७५ रुपयांत जे येत होते त्याला आता चारशेच्या वर मोजावे लागतात. तीस वर्षांत रक्कम वाढली असे कागद सांगतो. प्रत्यक्षात आजचे दोनशे हे त्या पंचाहत्तरच्या निम्म्याइतकेही नाहीत.

आपल्या राज्याने यात स्वतःची भर घातली आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांची रक्कम २०१९ मध्ये सहाशेवरून हजार झाली आणि २०२३ मध्ये दीड हजार. चार वर्षांत हजाराचे दीड हजार ही वाढ महागाईपेक्षा जास्तच होती आणि आपल्यापैकी काही घरांत तिने खरोखर आधार दिला. पण दीड हजाराची घोषणा झाली तेव्हाही कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट २१ हजारांचीच राहिली. महिन्याला सतराशे पन्नास. घरात कोणी आठवड्यातून दोन दिवस जरी बिगारीवर गेला तरी ती ओलांडली जाते. मग उत्पन्नाच्या दाखल्यावर काय लिहायचे, असे मला विचारायला लोक येतात. खोटे लिहा असे धर्मगुरूने कसे सांगावे? आणि खरे लिहून आजीला उपाशी ठेवा असे तरी कसे सांगावे? न वाढवलेली रक्कम मदत कमी करते आणि न वाढवलेली अट माणसे कमी करते. शिवाय दुसरी गळती पहिलीपेक्षाही कमी दिसते, कारण वगळल्या गेलेल्यांचे रजिस्टर कोणी ठेवत नाही.

कारखान्यातून निवृत्त झालेल्यांचे दुखणे आपल्या धर्मग्रामातल्या अनेकांना माहीत आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ ची. तिच्यात किमान हजार रुपये मिळतील असे १ सप्टेंबर २०१४ पासून ठरले. अकरा वर्षांनंतर २०२५ मध्येही ते किमान हजारच होते. त्या हजारात आता तेव्हाच्या सहाशेचे सामान येते.

याउलट, महागाईची भरपाई कशी करायची हे आपल्या देशाला ठाऊक नाही असे कोणी म्हणू नये. सरकारी कर्मचारी आणि त्यांचे निवृत्तिवेतनधारक यांचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा निर्देशांक पाहून ठरतो. सातव्या वेतन आयोगानंतर २०१६ मध्ये शून्यापासून मोजायला लागलेला केंद्राचा भत्ता जुलै २०२५ पासून ५८ टक्के झाला. २०१८ च्या वित्त कायद्याने खासदारांचे वेतनही महागाईशी जोडले, आणि त्यानुसार मार्च २०२५ मध्ये ते एक लाखावरून एक लाख चोवीस हजार झाले. मी हे कोणाचा हेवा करायला लिहीत नाही. आपल्या मंडळीत शिक्षक आहेत, रेल्वेतले आहेत, बँकेतले आहेत; त्यांना मिळते ते योग्यच आहे. ज्या तत्त्वाने त्यांना मिळते ते तत्त्व बरोबर आहे म्हणूनच मी विचारतो, की ते दोनशे रुपयांपाशी येऊन का थांबते?

उत्तर असे दिले जाते की कर्मचाऱ्याचे वेतन हा त्याचा हक्क आहे आणि निराधाराची मदत हे दान आहे. पण हे हक्क आणि दान यांच्यातले कुंपण हललेले आपण पाहिले आहे. सरकारी पेन्शनही एकेकाळी मालकाची मेहेरबानी समजली जाई. डिसेंबर १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाकारा खटल्यात निकाल दिला की ती मेहेरबानी नाही. ख्रिस्तसभेची शिकवण तर त्याच्याही पुढे जाते. पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ च्या 'पाचेम इन तेर्रिस' या परिपत्रकात माणसाच्या हक्कांची यादी दिली, तिच्यात वार्धक्य, वैधव्य आणि आजारपण यांत आधार मिळण्याचा हक्क आहे. आणि संत थॉमस अक्वायनस यांचे मत आपण अधूनमधून आठवायला हवे: आपल्या गरजेपेक्षा जे जास्त आहे ते निसर्गनियमानेच गरिबांच्या निर्वाहासाठी देणे लागते. जे देणे लागते ते दरवर्षी थोडे थोडे कापून द्यायचे, आणि वर दान दिले असे म्हणायचे, हे कसे जुळवायचे मला कळत नाही.

पवित्र शास्त्रात दीनार हे नाणे दोन ठिकाणी असे येते की ते दोन उतारे मी आता एकत्रच वाचतो. मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा मालक मजुरांना दिवसाचा एक दीनार देतो. शेवटच्या तासाला आलेल्यालाही तेवढाच, कारण त्याच्याही घरी तेवढीच भूक आहे. त्या एका दीनारावर एका कुटुंबाचा दिवस निघत असे. आता प्रकटीकरणाचा सहावा अध्याय उघडा. काळ्या घोड्यावरचा स्वार हातात तराजू घेऊन येतो आणि भाव पुकारला जातो: एका दीनाराला गव्हाचे एक माप. ते माप म्हणजे एका माणसाची एका दिवसाची शिधा. एरवी त्याच दीनारात त्याच्या आठ-दहा पट गहू मिळत असे, असे अभ्यासक सांगतात. नाणे तेच आहे आणि मजुरीही तीच आहे. फक्त आता मजूर एकटा जेवेल आणि बायको-मुले बघत बसतील. योहानाला दुष्काळाचे भय दाखवायचे होते तेव्हा त्याने रिकामी कोठारे दाखवली नाहीत, भाव सांगितला. गहू बाजारात आहे, घेणाऱ्याच्या हातातला पैसा तेवढा पुरत नाही. द्राक्षमळ्याचा तो उदार मालक त्या वर्षी असता तर त्याने काय दिले असते? मला वाटते, त्याने दीनार मोजला नसता, घरातली तोंडे मोजली असती.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात हेळसांड होते अशी कुरकूर झाली आणि त्यातून सात सेवक निवडले गेले. (तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात विधवांच्या यादीसाठी साठ वर्षांची अट आहे, आपल्या सरकारच्या योजनेशी जुळणारी. याद्या आणि अटी तेव्हापासूनच्या आहेत.) ते वाटप रोजच्या अन्नाचे होते. भाकरीला महागाई लागत नाही. काल एका माणसाचे पोट जेवढ्याने भरले तेवढ्यानेच आज भरते. आपल्याकडचे रेशन बघा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य ठरवले. बाहेर तांदूळ कितीही महागो, पाच किलो पाच किलोच राहतात. भाववाढीचा बोजा देणाऱ्यावर पडतो. रोख रकमेत उलटे होते, सगळा बोजा घेणाऱ्यावर जातो. म्हणून पैसे देऊ नयेत असे मी म्हणत नाही. आजीला गोळ्या घ्यायच्या असतात, रिक्षाला द्यायचे असतात, नातवाच्या हातावर काहीतरी ठेवायचे असते, आणि पैशाने तो मान राहतो. पण अन्नाऐवजी नाणे द्यायचे ठरवले की त्या नाण्यात अन्न किती उरले आहे ते बघणेही आपल्याकडे येते.

अर्थसमितीत हा विषय काढला तेव्हा आक्षेप आले, आणि ते हलके नव्हते. एकाने विचारले, मुले कमावती असताना आईबापांना चर्चने का पोसायचे? प्रश्न योग्य आहे, पण तो मदत द्यावी की नाही याचा आहे. ज्यांना द्यायची असे आपण एकदा ठरवले त्यांची मदत झिजू देणे हे त्याचे उत्तर नव्हे. दुसरे म्हणाले, सगळ्यांनाच आपोआप वाढ मिळू लागली तर महागाई आणखी वाढते. मोठ्या अर्थव्यवस्थेत, सगळे पगार आणि भाव एकमेकांचा पाठलाग करू लागले की तसे होऊ शकते, हे अर्थतज्ज्ञही मान्य करतात. तरी त्यावर उपाय म्हणून सर्वांत दुबळ्याला एकट्याला थांबवून ठेवायचे, हे मला पटत नाही. अमेरिकेत १९७५ पासून सामाजिक सुरक्षेचे निवृत्तिवेतन दरवर्षी निर्देशांकाप्रमाणे आपोआप वाढते. त्याआधी तिथेही प्रत्येक वाढीसाठी कायदेमंडळाच्या दयेची वाट बघावी लागे. दयेची वाढ बहुधा निवडणुकीच्या सुमारास येते, आणि तिच्यावर देणाऱ्याचे नाव असते.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ च्या 'चेन्तेसिमुस आन्नुस' या परिपत्रकात इशारा दिला होता की सगळेच शासनावर सोपवले तर खर्च आणि कारकुनी वाढते आणि माणूस हरवतो. गरज सर्वांत चांगली त्यालाच कळते जो गरजूच्या जवळ असतो. हा इशारा मी आपल्यावरच घेतो. सरकारला आजी दिसत नाहीत असे म्हणता येईल. आपल्याला तर त्या दर रविवारी तिसऱ्या बाकावर दिसतात.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. आज २७ कुटुंबांना पाचशेप्रमाणे महिना १३,५०० रुपये लागतात. २०११ इतके मोल परत आणायचे तर प्रत्येकी सुमारे अकराशे, म्हणजे २९,७०० लागतील. वर्षाला जवळजवळ दोन लाखांचा जादा भार. खजिनदारांनी सरळ विचारले, "फादर, यापेक्षा सात-आठ नावे कमी करून बाकीच्यांना नीट दिले तर?" मी त्यांना कठोर म्हणणार नाही. त्यांचा प्रश्न निदान उघड आहे. नावे कमी करायची तर आपल्याला ती मोठ्याने वाचावी लागतील, कारणे द्यावी लागतील, त्या घरी जाऊन सांगावे लागेल. इतकी वर्षे आपण सत्तावीसही घरांना न सांगता कमी केले. मिस्साबलिदानाच्या सुरुवातीला आपण केलेल्या पापांबरोबर टाळलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. त्या शब्दांशी आलो की हल्ली मला ते रजिस्टर दिसते. परवडत नसेल तर तसे सांगून कमी करणे प्रामाणिकपणाचे होईल, असे मला वाटते. त्याहून चांगले, परवडेल असे करणे. सणाच्या बँडचा आणि रोषणाईचा खर्च कोणी कधी २०११ च्या आकड्यावर अडकवून ठेवलेला नाही.

निर्देशांक कोणता धरायचा, यावरही बोलणे झाले. सरकारी निर्देशांक सरासरी कुटुंबाचा असतो. त्यात कपडे, प्रवास, शिक्षण, करमणूक सगळे येते. एकट्या राहणाऱ्या सत्तर वर्षांच्या बाईचा पैसा बहुतेक तांदूळ, डाळ, तेल, गॅस आणि गोळ्यांवर जातो. डाळ भडकली आणि मोबाईल स्वस्त झाला तर सरासरी शांत दिसते, तिचे घर शांत नसते. म्हणून मी एक साधी सूचना ठेवली आहे. रजिस्टरमध्ये रकमेच्या आधी सामान लिहायचे: अर्धा सिलिंडर, दोन किलो डाळ, एक लिटर तेल, रक्तदाबाच्या महिन्याच्या गोळ्या. दर जानेवारीत दोघांनी आपल्या नाक्यावरच्या दुकानांत जाऊन त्यांचे भाव लिहून आणायचे आणि बेरीज येईल ती त्या वर्षाची रक्कम. वाढवायला ठराव लागू नये; कमी ठेवायची असेल तर मात्र ठराव लागावा, सह्यांसकट.

ही यादी बरोबर आहे का, हे मी परवा त्या आजींनाच जाऊन विचारले. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. दोन किलो डाळ कशाला, एक पुरे, म्हणाल्या. त्याऐवजी चहा-साखर लिहा, आणि बँकेत जायचे रिक्षाभाडे लिहा, जायचे आणि यायचे. मी ते लिहून घेतले आहे. अर्थसमितीची बैठक येत्या शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता कार्यालयात आहे. ज्यांच्या घरी महिन्याचे सामान भरायचे काम स्त्रिया करतात त्यांनी कृपया त्यांनाच पाठवावे, भाव त्यांना माहीत असतात.

आपला धर्मगुरू